दाबा, धरा, सोडा

उद्यमनगरात, फौंड्रीच्या भिंतीला लागून
इलाही मिस्त्रीनं माझी आठशे जॅकवर उचलली,
खाली घोडी लावली, चाक काढलं
आणि ब्रेकचा होज दोन बोटांत धरून वाकवला.

सरळ होता तोवर काळा, धडधाकट.
वाकल्यावर भेगा,
टाचेला पडतात तशा.

"बाई, ह्यावर गगनबावडा उतरलासा?"

मी गप्प.
करूळच्या वळणांवर मागच्या सीटवर
भावाच्या दोघी पोरी भेंड्या खेळत होत्या.

नवा होज, तांब्याचे नवे वायसर.
नळीला पीळ नको म्हणून
स्टिअरिंग इकडून तिकडं पुरतं फिरवून बघितलं.
मग मी आत, तो खाली,
दिसत होते फक्त त्याचे पाय, एक चप्पल सुटलेली.

"दाबा."
"धरा."
पेडल बुडायचं, तळाला टेकायचं.
"आता सोडा."
बाटलीत बुडबुडे.

कितव्या खेपेला कोण जाणे,
पाय अर्ध्यातच अडला,
खालून हुंकार आला.

"दुसऱ्या बाजूचाबी आणा उद्या.
जोडीनंच बदलायचा असतोय."

जुना होज मी मागून घेतला.
वह्या तपासायच्या टेबलाच्या खणात आहे.
मधूनच वाकवून बघते.