ओठांशिवाय

श्रावणात चेहऱ्याची एक नस रुसली.
राजारामपुरीतली डॉक्टर पोरगी आरसा धरून सांगते,
"काका, म्हणा प."
ओठ मिटत नाहीत. वारा निसटतो.
तीस वर्षं फळ्यावर पवर्ग गिरवून घेतलेला मी, भूपाल चौगुले,
आता स्वतःचं नावही सांगू शकत नाही.

पुतण्यानं पुस्तक आणून दिलं :
इरोक्वॉयन भाषांचं कूळ.
मोहॉक, ओनायडा, सेनेका, बांधाला बांध लागून;
चेरोकी लांब दक्षिणेला,
हजारो वर्षांपूर्वीच वेगळी निघालेली;
ह्युरॉनच्या दाराला कधीचं कुलूप.
आणि अस्सल मोहॉकात
प नाही, ब नाही, म नाही!
ओठ न मिटता
भांडली माणसं, मका पेरला, पोरं निजवली.

मग मीही मोजू लागलो.
कोल्हापूर गेलं. अंबाबाई गेली.
तांबडा, पांढरा, दोन्ही गेले.
रंकाळा राहिला.
आई राहिली.

तिकडं 'मी' आणि 'तुला' सुटे नसतात,
एकच अक्षर, क्रियापदाला चिकटलेलं.
सोडवायला गेलं तर दोघंही जातात.

संध्याकाळी तळ्याच्या कट्ट्यावर
चाळीस वर्षं जिला नुसतं "अगं" म्हणालो
तिला नावानं हाक मारली :
सुलोचना.
'लो' जरा सांडला.
भेळेतली मिरची बाजूला काढत ती म्हणाली,
"काय ओ?"