फोटोचं बटण

हँडीकॅमच्या कुशीला एक बारकं बटण.
सेलूतल्या तीन लगीनसराया गेल्या,
मी ते दाबलंच नव्हतं.

मंडपामागं पोळ्या लाटणारी केवळाबाई म्हणाली,
"माझा एक काढ, मस्तान.
हलता नको. उभा.
बँकेत लागतोय."

पिठाचे हात पदराआड घेऊन ती थांबली.
दाबलं. पडदा काळा झाला,
आणि काळाच राहिला जरा वेळ.
मी "झालं" म्हणेपर्यंत
तिनं श्वास सोडला नाही.

परभणीहून प्रिंट आणली:
हॅलोजनात नाक विरघळलेलं,
गालांवर चौकोनच चौकोन,
कुंकवाचे तर तीनच.
पैसे मागायची लाज वाटली.
कॅसेटमध्ये ती तीन तास आहे,
दर वेळी कडेनं निघून जाणारी.

साहेबानं फोटो डोळ्याशी धरला.
"कोण आहे हे? ओळखू येईना."
"इतक्या जवळून
मला कुणी बघितलंय का, साहेब?
तिकडं न्या, दाराशी."

शिपायानं दाराशी नेऊन धरला.
रांगेतली एक पोर ओरडली,
"अगं, केवळामावशी!"

साहेबानं शिक्का मारला.
अर्धा कागदावर,
अर्धा गालावर.