बावीस सेंटिमीटर

पहिल्यांदा पाठवलं तेव्हा ते जागंच झालं नाही.
लॉगमध्ये एक ओळ: फाइलचा प्रकार ओळखता येत नाही.
बरोबरच आहे. मी ते बांधलं होतं
माझ्या मांडीवरच्या यंत्राच्या बोलीत,
आणि पलीकडचं यंत्र, स्टॉकहोमपाशी कुठल्याशा शेडमधलं,
वेगळ्या चिपचं, वेगळ्या मुलखाचं.
त्याला ओ की ठो कळलं नाही.

घरमालक हेल्डुर शेगडीवर मोजे वाळवत होता.
"कसली भाषा म्हणालीस, उर्वे?"
रस्ट, मी म्हटलं. म्हणजे गंज.
त्याने कोपऱ्यातल्या गिरमिटाकडे पाहिलं,
गोठलेल्या समुद्राला भोकं पाडायच्या.
"मग ती येते मला."

दुसऱ्यांदा लक्ष्य बदललं.
म्हणजे ज्या घरी आपण कधी जाणार नाही
त्या घराच्या दाराच्या मापाचं कपाट
इथल्या अंगणात बसून जोडायचं.
लिंकर रात्रभर कुरकुरला.
पहाटे गेलं, उठलं, आणि तिथल्या तिथे पडलं:
तिथली लायब्ररी जुनी,
मी नवी धरून चालले होते.
परक्याच्या घरी मिठाचा खडासुद्धा
गृहीत धरू नये.

तिसऱ्यांदा सगळी शिदोरी आतच बांधली.
मीठ, काडेपेटी, सुईदोरा,
कुणाकडे काही मागायचं नाही.
एकच फाइल. चार एमबी, झिप करून दीड.

"राहतं कुठे ते?"
कुठेच नाही. बर्फातला सेन्सर हाक मारतो
तेव्हा कुणाच्या तरी यंत्रात थोडी जागा होते,
हे उठतं, जाडी वाचतं,
बावीसच्या वर असेल तर रस्ता उघडा म्हणतं
आणि विझतं. नऊ मिलिसेकंद.
पैसे तेवढ्याचेच.
"आणि खूप दिवसांनी हाक मारली तर?"
तर जरा उशिरा उठतं. थंड सुरुवात म्हणतात त्याला.
तो हसला नाही.
त्याचा काका एल्मार, म्हणाला, असाच राखणदार होता:
दार वाजलं की उठायचा, अंधारात जायचा,
भोक पाडायचा, आकडा सांगायचा, पुन्हा झोपायचा.
"पगार मात्र अख्ख्या रात्रीचा घ्यायचा."

शुक्रवारी फंक्शन म्हणालं: तेवीस पूर्णांक एक. उघडा.
हिऊमाच्या काठावर सात गाड्या उभ्या,
पट्टे सोडलेले. बर्फावर पट्टा लावायचा नसतो,
बुडायची वेळ आली तर बाहेर पडता आलं पाहिजे.
हेल्डुर गिरमिट घेऊन चालत गेला
सेन्सरच्या खांबाच्या पुढे,
खालून प्रवाह वळतो तिथवर,
आणि गुडघे टेकून बराच वेळ फिरवत राहिला.
फोनवर एवढंच: "सतरा."

माझा कोड चुकला नव्हता.
टाइप जुळत होते, मेमरी कुठे सांडली नव्हती,
कंपायलरने पाच दिवस
तांदळातले खडे वेचावेत तशा माझ्या चुका वेचल्या होत्या.
पण कंपायलरला समुद्र माहीत नसतो.
आकडा आहे की नाही, एवढंच तो बघतो.
कुठला आकडा, ते नाही.

गाड्या वळल्या. एका बाईने काच खाली करून
मला शिवी हासडली.
तिच्या मांडीवर केकचं खोकं होतं.

रात्री एक रकाना वाढवला.
हेल्डुर भोक पाडेल, आकडा एसेमेस करेल,
फंक्शन दोन्ही पाहील, लहान तो धरेल.
आठ ओळी.
पुन्हा लक्ष्य, पुन्हा शिदोरी, पुन्हा पाठवणी.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला.
लॉगमध्ये: सुरुवात. अठरा. बंद. शेवट.
अठरा?
मी स्वयंपाकघरात गेले. शेगडी कोमट होती.
तिच्यावर मोजे नव्हते,
आणि कोपऱ्यात, गिरमिटाच्या जागी,
फरशीवर गंजाचं एक वर्तुळ.