बर्फाची जाडी

टेबलावर पत्र्याचा डबा.
मुलाला एवढंच सांगायचं: मी येईपर्यंत उघडू नकोस.
मग काचेआडून सात मिनिटं मोजायची.

औलूच्या विद्यापीठातली माझी पहिली नोकरी ही.
एक्क्याऐंशीचा हिवाळा, अठ्ठेचाळीस मुलं,
रेडिएटरवर वाळत घातलेले लोकरीचे हातमोजे
आणि वहीत माझं बारीक अक्षर:
उघडला. नाही उघडला. उघडला.

हिल्क्कानं नाही उघडला.
हात मांड्यांखाली दाबून भिंतीकडे बघत बसली.
प्रमुख बाई हरखल्या: बघा, पाळण्यातच दिसतात पाय!
तैस्तोनं मात्र दार लागायच्या आत उघडला,
आतलं लाकडी अस्वल खिशात घातलं
आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला,
डबा रिकामाच होता.

त्याच्या नावापुढे मी एक टिंब दिलं.
टिंबाचा अर्थ कुठेच लिहिला नाही.
मला तो पाठ होता.

पुढे पस्तीस वर्षं मी जिना शिकवला:
खाली भीतीची पायरी, मग शाबासकीची, मग नियमांची,
आणि सगळ्यात वर, जिथे कुणीच बघत नसतं, ती.
फळ्यावर सुरेख दिसायचा.
शेजारच्या इमारतीतले तत्त्वज्ञानवाले कँटीनमध्ये म्हणत,
जिना कसला बाई, करत करतच माणूस तसा होतो,
वाजवत वाजवत वादक होतो, तसा.
मी विचारायचे, आणि पहिल्यांदा का करतो?
त्यांची कॉफी गार व्हायची. माझीही.

निवृत्तीनंतर यादी काढली नि निघाले.

हिल्क्का म्हणाली, डबा मला नीट दिसलाच नाही हो,
वडिलांचा पट्टा दिसत होता.
बोलताना तिचे हात मांड्यांखालीच होते.

तैस्तो बेटावर भेटला.
समुद्र गोठला की तिथवर सात किलोमीटरचा रस्ता होतो,
त्याची जाडी मोजायचं काम त्याचं.
पहाटे, उणे सव्वीसात,
गिरमिट फिरवायचं, भोकात पट्टी सोडायची,
आकडा फलकावर लिहायचा.
त्या आकड्यावर दुधाची गाडी जाते, शाळेची टॅक्सी जाते.

पहिल्या हिवाळ्यात मी भोकं पाडलीच नाहीत, तो म्हणाला.
कालचाच आकडा आज. तीन दिवस.
काही झालं?
काहीच नाही. कुणी बुडालं नाही, कुणी पकडलं नाही.
चौथ्या दिवशी टॅक्सीवाल्यानं काच खाली करून विचारलं, किती?
म्हटलं, त्रेचाळीस.
तो ‘बरं’ म्हणाला आणि गेला.
मागच्या काचेत चार टोप्या होत्या.
मग?
मग सगळी भोकं पाडली. हाताची सालं निघाली.
आकडा त्रेचाळीसच आला.
मग?
मग काय. दुसऱ्या दिवशीही पाडली.

ही कितवी पायरी, मी मनात शोधत होते.
तो बुटानं भुसभुशीत थर बाजूला सारत होता:
हा वरचा पांढरा थर लोकांना आवडतो,
पण तो ऊब धरतो, खाली गोठू देत नाही.
बर्फ खालून वाढतो. काळोखात. एका रात्रीत बोटभरसुद्धा नाही.

निघताना मी विचारलंच, ते अस्वल अजून आहे?
कुठलं अस्वल? तो म्हणाला,
माझ्या डोळ्यांत बघून.

विसरला असेल.
नसेलही.
खोडरबर माझ्या पर्समध्ये होता, तो तिथेच राहिला.

बर्फावर गाडी घालताना पट्टा सोडायचा, काच खाली करायची,
इथला नियमच आहे तसा.
फलकावर त्याच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: एक्केचाळीस.
काठावर तो गिरमिट पुसत उभा होता.
मी काच खाली केली,
‘बरं’ म्हटलं,
आणि गेले.