बाकी सारी भिंत

ग्रामपंचायतीच्या हॉलात, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांशेजारी
मी तलाव उघडून बसले.
पार, तुडुम, सलांग, ओढ्याचं तोंड,
सगळं मोजून आणलेलं, जाळीत बसवलेलं.
फक्त सॉफ्टवेअरला ही नावं ठाऊक नव्हती.
त्याला दिसत होती तीनशे बारा पृष्ठं,
पाठीवर नंबर घेऊन उभी,
रेशनच्या रांगेसारखी.

एकेकाला विचारत गेले:
तुझ्यावर वेग किती? शून्य.
तुझ्यावर? शून्य.
तुझ्यावर?
सत्तेचाळिसाव्यापाशी लाईट गेली.
बॅटरी कधीचीच मेलेली. सेव्ह केलं नव्हतं.

पायरीवर पतिराम तुमसरे जाळं सांधत होते,
मच्छीमार सोसायटीचे, बासष्ट वर्षांपैकी
निम्मी तरी कमरेइतक्या पाण्यात काढलेले.
"का करून राह्यली वो बाई?"
म्हटलं, दर दगडाला विचारते,
पाणी तुझ्याशी कसं वागेल.
ते हसले नाहीत. गाठ मारली, दोरा दातानं तोडला.
"दगडाले काहून इचारतेस? सारे दगड एकच सांगतेत.
पानी येते कुठून अन् जाते कुठून,
तेवढ्याले नाव ठेव.
बाकी सारी भिंत."

नऊला लाईट आली.
एका ओळीत सगळ्यांना भिंत केलं:
टेकलेलं पाणी जिथे हलत नाही अशी भिंत.
मग चौघांना रांगेतून बाजूला काढलं.
ओढ्याला वेग दिला.
वरच्या उघड्या पाण्याला म्हटलं, तू घसर.
सलांग, तुडुम.
तुडुमलाही वेगच द्यायला गेले, आणि बोट थांबलं.
आत किती, बाहेर किती, दोन्ही आपणच ठरवलं
तर मधल्या पाण्यानं हिशेब कुठे लपवायचा?
बाहेर फक्त दाब लिहिला. शून्य.
जा, किती जायचं ते तुझं तू बघ.

तरी ते परत फिरलं.
तुडुमच्या तोंडाशीच मी हद्द आखली होती;
भोवरा अर्धा आत, अर्धा बाहेर,
उंबऱ्यावर अडलेल्या म्हशीसारखा.
पाट वीस मीटर पुढे ओढला,
धानाच्या दुसऱ्या बांधीपर्यंत.
भोवऱ्याला विरायला जागा मिळाली.
चुकीचे आकडे उतरू लागले, पायरी पायरीनं.

ती चार नावं एका फायलीत जपून ठेवली.
उद्या पलीकडच्या टोलीवरची बोडी आली
की आकडे तेवढे बदलायचे.

पतिराम स्क्रीनकडे बराच वेळ पाहत राहिले.
निळ्यातून हिरव्यात जाणारं आपलं पाणी.
मग पाराच्या मधोमध बोट टेकवलं, काचेवर ओला ठसा.
"इथं भिंत नाही."
भिंतच आहे काका, मीच मोजली.
"खेकड्याचं बीळ हाय. खालून चालताना
माह्या पायाले दरसाल ओल लागते."

मोजमापात नव्हतं. नकाशात नव्हतं.
मी तीनशे आठ भिंतींतली एक सोडवली,
तिला करंगळीएवढा दाब दिला,
आणि नावाच्या रकान्यात लिहिलं:
पतिराम.
त्यांनी विचारलं, काय लिहिलंस.
म्हटलं, पाणी जिथून जातं त्याचं नाव.
त्यांनी मान हलवली
आणि जाळ्यातलं पुढचं भोक शोधू लागले.