दोन ठोक्यांचं, चार ठोक्यांचं

जिंतूरला मुनीर मिस्त्रीकडं दोन इंजनं आहेत,
गोणपाटावर आडवी ठेवलेली. जुनीच दोन्ही.
एक दोन ठोक्यांचं, एक चार.
हे तिथं दुपारभर बसून आले
अन् रात्री जेवताना मला म्हणले,
"तुला काय वाटतं?"

एकोणीस वर्षांत इंजनाबद्दल
पहिल्यांदा मला विचारलं.

आमचं होतं ते दोन ठोक्यांचंच.
पंधरवड्यामागं येलदरीच्या पाण्यात
बुडालेल्या गावच्या चावडीला घासलं, फुटलं.
चावडी शाबूत असणार.

दोन ठोक्यांचं हलकं. सव्वीस किलो.
तेल पेट्रोलमध्येच कालवायचं, लिटरला वीस मिली,
दोरी ओढली की पेटतंच.
बिघडलं तर एक पाना, एक प्लग, एक शिवी.
पण पितं फार.
मागं पाण्यावर रंगांचा पट्टा सोडतं,
दिसायला चांगला.
तेच पाणी मी हंड्यात भरते.

चार ठोक्यांचं तेल पोटात वेगळं ठेवतं,
धूर नाही, बोलणं हळू.
दिवसाला सव्वा लिटर वाचतं म्हणे.
आडवं ठेवायचं तर एकाच कुशीवर,
चुकून दुसऱ्या कुशीवर निजवलं
तर तेल नको तिथं शिरतं.
एवढं जपायचं. अन् वर अडतीस किलो.

"सव्वीस मी नेतो," हे म्हणले,
"अडतीस नाही व्हायचं एकट्यानं."

एकट्यानं.
हा शब्द ताटात तसाच राहिला,
भाकरीच्या काठासारखा.

पाणी आज पायरीशी आहे.
होळीनंतर ते मागं सरतं,
मे महिन्यात दीड किलोमीटर, मधी भेगाळलेला गाळ.
होडी तिथंच सोडता येते,
इंजन नाही, चोरीला जातं.
रोज खांद्यावर न्यायचं, रोज आणायचं.
पाणी जेवढं लांब, इंजन तेवढं जड.
ह्यांच्या उजव्या खांद्यावर घट्टा पडलाय,
तिथं तेल लावताना
माझं बोट आपोआप हळू होतं.

पाच वर्षांआधी दुसरा खांदा होता.
आसाराम भावजींचा.
मग एका कटल्याच्या हिशोबावरून
होडी इकडं आली, जाळी तिकडं गेली,
अन् मधल्या भिंतीवर भावजींनी दोन थर चढवले.
शेवंता अन् मी एकाच जुन्या लुगड्यावर
झिंगे वाळवायचो. भांडण आमचं नव्हतंच,
पण बोलणं आमचंबी बंद.
आता मला तिचा खोकला तेवढा कळतो.
यंदा वाढलाय.

मी बोटांवर हिशोब केला.
सव्वा लिटर, महिन्याचे पंचवीस दिवस,
तीन हजाराच्या वर जातं, म्हणलं.
पोरीची शाळेची गाडी त्यात निघते.
पाण्यावरचा पट्टाही काढला.
मिस्त्री सहा महिने बघून देतो का, तेही विचारलं.
ओझ्याचं मात्र
मी काढलंच नाही.

एक गोष्ट मलाच महागात पडणार.
जुन्याचा फटफटाट पलीकडच्या काठावरून यायचा,
तो ऐकून मी तवा ठेवायची,
हे दारात अन् भाकरी फुगलेली.
हे नवं मुकाट्यानं येणार.
कधी भाकरी गार मिळेल, कधी तवा.
मिळू दे.

"अन् उचलणार कोण?" ह्यांनी विचारलं.
मी ताट उचललं.
"बघू की. पाणी अजून जवळ आहे."

हे बराच वेळ अंगणात उभे होते.
भिंतीपलीकडं शेवंता खोकली.
हे तिकडं वळले, काही बोलले नाहीत,
खिशातली मिस्त्रीची चिठ्ठी काढून
अंधारातच वाचत राहिले.

होळीला अजून दोन महिने आहेत.