दारणेची वाळू

इथे वाळवंट नाही, म्हणून त्यांनी ते आणवलं.
दारणेच्या पात्रातून, गाढवांच्या पाठीवर,
देवळालीच्या रेंजच्या कडेला, बहुल्याच्या डोंगराकडे तोंड करून
अर्धा एकर राजस्थान.

हवालदार धुमाळ म्हणाला, ह्याच्यात खड्डा खणा,
तोफ बसेल एवढा.
आम्ही खणला. तो भरून आला.
पुन्हा खणला. कड घसरली, अगदी हळू,
झोपलेल्या पोराच्या अंगावरून गोधडी सरकावी तशी.
आम्ही हसलो.
"हसा. तिकडे ती हसंल."
पासष्टला तो तिकडे होता. काय पाहिलं ते सांगायचा नाही.
फक्त जेवताना प्रत्येक भाकरी
तोंडात घालण्याआधी दोनदा झटकायचा.

पाणी एक बाटली, सूर्योदय ते सूर्यास्त.
नदी हाकेवर. पलीकडे धुणं आपटल्याचे आवाज,
म्हशी पाण्यात उतरल्याचे.
तोफेचा नेम लवकर जमला,
नदीकाठी बसून तहान शिकणं नाही जमलं.

माझा लोडर सयाजी खुस्पे, कऱ्हाडचा.
खणता खणता सापडेल ते खिशात घालायचा:
शिंपले, गोगलगायीचा पांढरा शंख,
हिरव्या बांगडीचा तुकडा.
"गड्या, ह्या वाळवंटात
कुणीतरी भांडी घासल्यात," म्हणाला एकदा.

गाढवांमागचा मारुती बेलदार रोज विचारी,
"साहेब, लढाई सरली की ही परत नदीत टाकायची का?
आत्ताच सांगा, भाव वेगळा पडंल."
साहेब नकाशावर वाकलेले.
कुणी उत्तर दिलं नाही.

मग एका रात्री देवळाली स्टेशनात
ताडपत्रीखाली तोफा, उघड्या वॅगनी,
दिवे विझवलेले.
मनमाडपर्यंत कुणी बोललं नाही.
खुस्पेच्या खिशात मात्र वाजत होतं.

तिकडची वाळू मी पहिल्या संध्याकाळी मुठीत घेतली.
पिठासारखी. बोटांतून गेली, मागे काही ठेवलं नाही.
ढाणीतली एक बाई ताट घासत होती,
पाण्याशिवाय, नुसत्या वाळूनं,
आणि ताट लखलखत होतं.
मी वळून खुस्पेला हाक मारली, बघ रे, इथं पण.
तो बघत होता. तेव्हा अजून बघत होता.

जानेवारीत परत देवळाली. ढीग तिथंच,
थोडा बसलेला, कडेनं हराळी फुटलेली.
मारुतीच्या गाढवांतलं एक त्यावर उभं राहून चरत होतं.

ऑफिसात कारकुनानं यादी वाचली, मी सही केली.
घड्याळ एक. पेन एक. मफलर.
शेवटी नुसतं "किरकोळ".
पुडकं हातात घेतलं तर वाजलं.

कऱ्हाडला पोचलं असेल ते.
आईनं सोडलं असेल ओट्यावर बसून,
शिंपले हातात घेऊन पाहिले असतील.
लहानपणी घाटावरून असेच आणायचा,
आणि तिला वाटलं असेल,
कृष्णेचेच आहेत.

मी पत्र लिहायला घेतलं होतं.